तरेकाकांचा चौथा रकाना

"छत्री मिळाली ना?"

"मिळाली, काका."

"मंग सरकव."

छत्री माझी होती. तरेकाकांनी ती दोन दिवसांपूर्वी नेली होती आणि आता परत आणून दिली होती. ती माझ्या हातात होती, उघडून पाहिली तर काड्याही शाबूत होत्या. दोन सामान्य माणसांमधला हा व्यवहार इथे संपायला हवा होता. पण काका दारातून हलेनात. शेवटी मी फोन काढला, त्यांच्या फलकावर गेले आणि 'छत्री परत, तिसरा मजला' असं लिहिलेलं कार्ड बोटाने ढकलत चौथ्या रकान्यात नेऊन सोडलं. काकांच्या खिशात फोन टुणकन वाजला. तेव्हा कुठे त्यांनी समाधानाने मान हलवली आणि जिना उतरू लागले.

नामदेव तरे हे भिवंडीतल्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे. मूळ गाव दिघाशी. सगळी नोकरी जवळच्या वळ गावातल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात गेली, बुकिंग क्लार्क म्हणून. ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांना सांगते. गाडी मालाबरोबर कागद घेऊन जाते. माल घेणारा नग मोजून त्या कागदावर सही-शिक्का मारतो आणि ती प्रत उलट टपाली परत येते. तिला म्हणतात पोच. माल कमी आला, भिजला, फाटला, तर घेणारा पोचेवर तसा शेरा मारतो. काकांनी आयुष्यभर पोच गोळा केली. पोच आली नाही तर गाडी गेलीच नाही, असं ते मानायचे. मग ती गाडी डोळ्यांसमोर नागपूरला जाऊन परत आलेली असली तरी.

निवृत्तीनंतर घरात त्यांचा जीव रमेना. पुण्याला संगणकाच्या कंपनीत असलेल्या त्यांच्या मुलीने, वर्षाने, त्यांच्या फोनवर एक कामांचा फलक बसवून दिला. एकेक काम म्हणजे एकेक रंगीत कार्ड. तीन रकाने: करायचंय, चालू आहे, झालं. काम पुढे गेलं की कार्ड बोटाने पुढे सरकवायचं. वर्षाला वाटलं, बाबांचा वेळ जाईल.

काकांनी तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "झालं? कोण म्हणतो झालं?"

"तुम्हीच म्हणायचं, बाबा. काम संपलं की."

"गाडीवाल्याचं 'झालं' गेटाबाहेर पडताच होतं. शेठचं 'झालं' गाडी हलली की होतं. ज्याच्या दारात माल उतरायचा, त्याचं काय?"

त्यांनी सगळे रकाने पुसले आणि चार नवे केले: बुक, लोड, वाटेत, पोच. पहिले तीन त्यांचे. चौथ्यात कार्ड टाकायचा अधिकार मात्र फक्त ज्याच्यासाठी काम केलं त्याचा. त्यासाठी इमारतीतल्या झाडून सगळ्यांना त्यांनी फलकात सामील करून घेतलं. घरातला टीव्ही फिरवून दाराकडे तोंड करून ठेवला आणि त्यावर दिवसभर फलक लावून ठेवला. जिन्याने जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला कळायचं की तरेकाकांची आज कोणकोणती कामं वाटेत आहेत.

लोडच्या रकान्यात तीनच कार्डं. चौथं भरायचं नाही. काकूंनी चौथं काम सांगितलं की उत्तर यायचं, "गाडी फुल्ल हाय."

"मंग कढीपत्ता कोन आननार?"

"पुढच्या गाडीने."

काकूंनी या फलकावर आपल्या पद्धतीने सूड उगवला. काकांनी मेथी आणली की त्या जुडी सोडून पान अन् पान बघायच्या आणि कार्डावर शेरा टाकायच्या: 'तीन जुड्या. एक पिवळी. माल परत.' मग टीव्हीवर ती मेथी दोन-दोन दिवस वाटेत राहायची आणि काका शरमेने जिन्यात मान खाली घालून चालायचे. पहिल्या मजल्यावरच्या अन्सारीभाभींची औषधं ते आणून द्यायचे. भाभींनी एकदा कार्ड न सरकवता नुसतं लाल हृदय पाठवलं. काका तडक खाली गेले. "भाभी, दिल नहीं चलेगा. सही चलेगी." डॉक्टरांनाही त्यांनी सोडलं नाही. रक्तदाब मोजून झाल्यावर फोन पुढे केला. डॉक्टर म्हणाले, "अहो, तपासलं मी तुम्हाला. घेणारे तुम्ही." काका विचारात पडले. बाहेर बाकावर दहा मिनिटं बसून त्यांनी ते कार्ड स्वतःच सरकवलं, तेही शेरा मारून: 'थोडा जास्त आला.'

माझं आणि या फलकाचं पहिल्या दिवसापासून वाकडं होतं. आमच्या घरात मी वाचायला शिकले ती वडिलांनी काढलेल्या कामगारांच्या पत्रकांवर, आणि आता तीच पत्रकं मी लिहिते. दापोड्याच्या नव्या गोदामांमध्ये भिंतीवर मोठे पडदे आहेत. त्यावर माल भरणाऱ्यांची नावं असतात. जो मागे पडला त्याचं नाव लाल होतं, सगळ्यांसमोर. पाणी प्यायला गेलेला माणूस परत येतो तो लाल होऊनच. त्याविरुद्ध मी पिवळ्या कागदावर एक पत्रक काढलं होतं: 'माणसाला रकान्यात भरू नका!' तेच रकाने माझ्याच इमारतीच्या जिन्यात बघून माझं डोकं फिरलं.

"काका, मालकाचा चाबूक तुम्ही स्वतःच्या पैशाने घरी आणलात."

काकांनी चष्मा काढून पुसला. "बाय, त्या पडद्यावर लाल कोन होतो?"

"कामगार."

"इथं कोन होतो?"

मी टीव्हीकडे पाहिलं. मेथी वाटेत होती. मागे पडलेलं, लाल होण्याजोगं एकमेव नाव नामदेव तरे हे होतं.

"तो फलक दुसऱ्याकडं बोट दाखवतो," काका म्हणाले. "ह्यो माझ्याकडं." आणि लगेच, "पत्रक चांगलं होतं तुझं. उद्गारचिन्हं जरा जास्त झाली."

मी पाय आपटत जिना चढले. त्या दिवसापासून ते मला 'पत्रकवाली' म्हणायला लागले.

फलकावर एक कार्ड मात्र असं होतं की त्याबद्दल काका काही बोलायचे नाहीत. वाटेतच्या रकान्यात, सगळ्यात वर. 'एक गाठ. हुसेन.' बाकीची कार्डं यायची, जायची. हे आठ महिने तिथेच. मला वाटलं, कापडाची गाठ कुणाला तरी पोचवायची राहिली असेल. विचारलं की काका म्हणायचे, "पोच न्हाय आली."

तेवढ्यात वर्षाने पुण्यात स्वतःच्याच इमारतीत आईवडिलांसाठी तळमजल्यावरची जागा बघून ठेवली. काकूंचे गुडघे जिन्याने पार गेले होते. त्या तयार होत्या, भांडी बांधून झाली होती. काका म्हणायचे, "गाडी खाली झाल्याशिवाय निघायचं न्हाय." आणि गाडीत आता उरलं होतं ते एवढंच, एक गाठ.

एके दुपारी काकू कशाबशा वर आल्या आणि खुर्चीत बसून धापा टाकू लागल्या. "तुझ्या फोनात तो फलक हाय ना? ती मेली गाठ सरकव."

"काकू, ते पोच मोजतात. त्यांना कळेल."

"कळू दे. माझे गुडघे कोन मोजतो?"

माझ्या तत्त्वांना तो प्रश्न पटला. एका वृद्ध बाईचे पाय एका निर्जीव कार्डासाठी झिजताहेत, याहून मोठा अन्याय कोणता? मी बोटाने ते कार्ड ढकललं. पोच.

पाच मिनिटांत काका दारात. मला वाटलं होतं, ओरडतील. ते ओरडले नाहीत. आत येऊन बसले आणि हळू आवाजात विचारलं, "कोनाची सही?"

मी फोन पालथा घातला. काकू खिडकीबाहेर बघू लागल्या.

"बाय, ती परत मागं घे. आधी मागं घे, मंग सांगतो."

मी कार्ड परत वाटेत नेलं. मग त्यांनी सांगितलं.

एकोणीस वर्षांपूर्वी वळच्या गोदामातून कोऱ्या कापडाच्या गाठींची एक गाडी भरली जात होती. हमालांचा मुकादम होता हुसेन. काका पाटीवर कागद घेऊन एकेका गाठीला एकेक रेघ ओढत होते. ताडपत्री बसेना म्हणून हुसेनने एक गाठ खाली उतरवायला लावली आणि नीट लावून पुन्हा वर चढवली. काकांनी तिच्यासाठी पुन्हा एक रेघ ओढली. गाठी होत्या साठ, कागदावर झाल्या एकसष्ट. तिकडून पोच आली ती शेरा घेऊन: एक गाठ कमी.

शेठने गेटावर सगळ्या हमालांना उभं केलं आणि काकांना विचारलं. काका म्हणाले, "एकसष्ट भरल्या. माझ्या रेघा हायेत. मधल्या मधी गेली कुठं, ते हुसेनला विचारा." हुसेनला त्याच दिवशी काढून टाकलं. चोर म्हणून.

"चार दिवसांनी गोदामात मोजणी झाली," काका म्हणाले. "एक गाठ जास्ती निघाली. कागदावर गेलेली, जागेवर बसलेली. मी शेठला जाऊन सांगितलं. शेठ म्हणाला, गाठ मिळाली ना, मंग आता गप बस. मी बसलो. बसलो तो बसलोच."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी उठून उभी राहिले. "अशाच माणसांवर पत्रकं काढत आलोय आम्ही, काका."

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "म्हनून तर तुझी सगळी वाचतो."

काकूंना यातलं अक्षरही माहीत नव्हतं. त्यांनी खिडकीवरून नजर वळवून नवऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आन् मला पिवळ्या मेथीची पोच मागत होतात."

वर्षाने फलक बसवून दिला, तेव्हा काकांनी पहिलं कार्ड हेच लिहिलं होतं. आठ महिन्यांपूर्वी ते वळला गेले. हुसेनचाचा तिथेच होते. नोकरी गेल्यावर त्यांनी त्याच गेटासमोर रस्त्याच्या पलीकडे ताडपत्र्या शिवायची टपरी टाकली होती. एकोणीस वर्षं त्या गेटाकडे तोंड करून. काकांनी त्यांच्या शेजारी बसून सगळं सांगितलं. हुसेनचाचांनी ऐकून घेतलं, चहा मागवला आणि पुन्हा शिवायला लागले. हो नाही, ना नाही. त्यानंतर काका दर महिन्याला जाऊ लागले. रिकाम्या हाताने कसं बसायचं, म्हणून दरवेळी एक ताडपत्री विकत घ्यायचे. आमच्या गच्चीवर आठ ताडपत्र्या का आहेत, या प्रश्नावर सोसायटीची एक सभा झाली होती. उत्तर आता मला मिळालं.

चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी खाली जाऊन म्हटलं, "चला. मी येते."

हुसेनचाचांची टपरी म्हणजे चार बांबू आणि वर त्यांचाच निळा माल. पांढरी दाढी, हाताला सुईचे घट्टे. काकांना बघून त्यांनी स्टूल पायाने पुढे सरकवलं. "आला काय रे, तरे? नववी घेनार काय? तुझं घर गळतं तरी कुठं कुठं?"

काका हसले नाहीत. "हुसेनभाई, आम्ही पुन्याला चाललोय."

"जा की. हवा चांगली हाय."

"पोच न्हाय मिळाली अजून."

चाचांनी सुई कापडात खोचून ठेवली. माझ्याकडे बघून विचारलं, "ही कोन?"

"पत्रकं लिवते."

"बरं झालं. ऐक मुली, तूच सांग. मी मुकादम होतो. पोच कशी देतात, मला म्हाईत हाय. माल पुरा उतरला तर सही. कमी उतरला तर शेरा." मग ते काकांकडे वळले. "तू मला चोर कुठं म्हनलास?"

काकांनी रस्त्यापलीकडे पाहिलं. "गेटावर."

"किती मान्सं होती?"

"तीस-बत्तीस."

"आन् 'चूक माझी झाली' हे कुठं सांगितलंस? इथं. ह्या स्टुलावर. माझ्या कानात." चाचांनी सुई पुन्हा उचलली. "अर्धा माल घेऊन आलास, तरे. आन् आठ म्हैने सही मागतोस. जमनार न्हाय."

येताना रिक्षात काका बोटांवर काहीतरी मोजत होते. मला मात्र चाचांचं इतकं पटलं होतं की मी मनातल्या मनात त्यांच्या नावाने घोषणा देत होते. इमारतीच्या दारात काका थांबले.

"बाय, तुझ्या त्या पिवळ्या कागदावर जागा हाय का? चार ओळी."

पत्रक त्यांनीच सांगितलं, मी फक्त उतरवून घेतलं. 'मी नामदेव तरे. या गेटावर मी मुकादम हुसेन यांना चोर ठरवलं. गाठी साठ होत्या. एकसष्टावी रेघ माझी चूक होती आणि चार दिवसांनी ते कळूनही मी गप्प राहिलो.' मी शेठबद्दल एक जळजळीत ओळ घातली. काकांनी ती खोडली. म्हणाले, "शेठचं शेठ बघेल. ह्या गाडीत माझाच माल." मी आयुष्यात काढलेलं, एकही उद्गारचिन्ह नसलेलं हे एकमेव पत्रक.

दुपारच्या जेवणाच्या सुटीत काका वळच्या गेटावर उभे राहिले. शेठ आता नाही, गोदामही दुसऱ्याचं आहे. बाहेर येणारी बहुतेक पोरं नवी, यूपी-बिहारची. त्यांना हुसेन कोण आणि गाठ कसली. पण काका प्रत्येकाच्या हातात कागद देत होते आणि तोंडानेही सांगत होते, मराठीत, मग हिंदीत. "साठ ही था. गलती मेरा था." जुन्या हमालांपैकी तिघं अजून तिथे होते. त्यांतला एक कागद वाचून काकांसमोर आला आणि म्हणाला, "तरे, तू लय उशीर केलास." काका म्हणाले, "व्हय." तीसएक कागद होते, शेवटचा संपेपर्यंत ते उभे राहिले. रस्त्यापलीकडे हुसेनचाचा शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही. पण मी पाहिलं, सुई तेवढा वेळ एकाच टाक्यावर होती.

दोन दिवस काही झालं नाही. काका फोनला हात लावत नव्हते. काकूंनी पुण्याचं नाव काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी जिन्यात खोकल्याचा आवाज आला. हुसेनचाचा दोन मजले चढून आले होते आणि उघड्या दारातून टीव्हीकडे टक लावून बघत होते.

"ह्योच काय तो फलक? तोंड बाहेर करून? शरम न्हाय तुला, तरे?"

"न्हाय," काका म्हणाले.

"कुठं दाबायचं?"

काकांनी फोन पुढे केला. चाचांचं बोट जाड, घट्ट्यांचं. कार्ड दोनदा निसटून परत वाटेत गेलं. तिसऱ्यांदा त्यांनी ते दाबून धरलं आणि चौथ्या रकान्यात नेऊन सोडलं. मग शेरा कुठे लिहायचा ते विचारलं. एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं. आम्ही सगळे टीव्हीकडे बघत होतो.

'नग साठ. बरोबर.'

काका आतल्या खोलीत गेले, ते बऱ्याच वेळाने आले. काकूंनी बांधलेल्या भांड्यांतून एक पातेलं सोडून चहा टाकला. चहा पिता पिता चाचांनी काकांचा फोन पुन्हा उचलला. "नवं कार्ड कसं काढतात?" मी दाखवलं आणि त्यांच्या फोनातही फलक घालून दिला. त्यांनी लिहिलं: 'तरेला जेवण. शुक्रवार.' आणि म्हणाले, "ह्या गाडीचा पाठवनारा मी. घेनारा तू. पोच तुला द्यायची हाय, ध्यानात ठेव."

शुक्रवारी काका जेवून आले. तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबलाचं कालवण. आनंदाने चेहरा लाल झालेला. रात्र गेली, सकाळ झाली, कार्ड वाटेतच. इमारतीत कुजबुज सुरू झाली. ज्या माणसाने अख्ख्या जिन्याला पोच द्यायला शिकवलं, तो स्वतः पोच देत नव्हता.

काकूंनी जाब विचारला. "जेवलात ना पोटभर? मंग सरकवा."

"एक भाकरी कमी होती."

"चार खाल्ल्यात! हुसेनभाईंच्या घरातनं फोन आला मला."

"मोजन्यात माझी चूक होते," काका शांतपणे म्हणाले. "सगळ्या वळला म्हाईत हाय." आणि त्यांनी शेरा टाकला: 'एक भाकरी कमी.'

ते पुण्याला गेले. हा माल हुसेनचा, आपण फक्त घेणारे, तेव्हा निघायला हरकत नाही, असा निकाल त्यांनी स्वतःच दिला. टीव्ही गेला, जिना सुना झाला. आता पायऱ्यांवर मला कुणी अडवत नाही. पण फलक माझ्या फोनात आहे. त्यावर एकच कार्ड उरलंय, वाटेत, आणि त्याखाली शेऱ्यांची रांग वाढत चालली आहे. महिन्यातल्या एका शुक्रवारी काका पुण्याहून एसटीने भिवंडीला येतात, चाचांकडे जेवतात आणि परतीच्या गाडीत बसल्या बसल्या लिहितात: 'एक भाकरी कमी.'

खाली चाचांचं उत्तर असतं, दरवेळी तेच.

'कमी माल पाठवणाऱ्याने भरून द्यायचा असतो. ये.'